आव्यातली हवा

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर एखादा जोराचा पाऊस होऊन गेला की माती धुपते आणि खापरं उघडी पडतात. त्यांतली एक जात नवख्या माणसालाही लगेच ओळखू येते. बाहेरून ती तांबडी असते, आतून काळी. काठाजवळ काळा रंग बाहेरच्या अंगावरही उतरलेला असतो आणि दोन रंग भेटतात तिथे एक धुरकट तपकिरी पट्टा दिसतो. दोन्ही रंग एकाच मातीतून आलेले आहेत. वरून कुणी कुंचला फिरवलेला नाही. पुरातत्त्वाच्या अहवालांत यांना 'काळी-तांबडी भांडी' म्हणतात आणि सातवाहनांच्या काळात ती दख्खनच्या घराघरांत होती.

असे भांडे भाजण्याची सर्वांत सरळ रीत अशी. वाळलेले भांडे आव्यात पालथे घालायचे, त्याच्या पोटात भुसा, गवत, पालापाचोळा कोंबायचा आणि काठ राखेत रुतवायचा. आवा पेटला की बाहेरच्या अंगाला हवा मोकळी मिळते. मातीत लोखंडाचा अंश असतोच. हवेतला प्राणवायू मिळाला की ते लोखंड तांबडे होते. पालथ्या पोटात मात्र हवा पोचत नाही. तिथला पाला धड जळत नाही, नुसता कोंदतो, आणि कोळशाचे बारीक कण मातीच्या छिद्रांत शिरून बसतात. भांडे बाहेर निघते ते दुरंगी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरणाकाठच्या कुंभाराला आव्यात हवा कुठे सोडायची आणि कुठे कोंडायची हे नेमके ठाऊक होते. त्याला प्राणवायूचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती. हवेचे काम तो रोज डोळ्यांनी पाहत होता.

हेच ज्ञान पुढे हजारएक वर्षांनी कोरियात एका वेगळ्या टोकाला गेले आणि त्यातून जगातली अत्यंत देखणी अशी हिरवी भांडी जन्मली. त्यांना सेलाडॉन म्हणतात. तेरच्या कुंभारांचा कोरियाशी काही संबंध होता असे मला सुचवायचे नाही. पण माती, लोखंड आणि हवा ही सामग्री दोघांची एकच होती. एकाच सामग्रीतून दोन देशांनी काय काय केले आणि का केले, हे शेजारी ठेवून पाहिले की दोन्ही नीट कळतात. आपल्याकडे तेरची ओळख संतांचे गाव आणि जुन्या व्यापाराचे गाव अशी करून दिली जाते. भांड्यांचे गाव म्हणून त्याच्याकडे फार कमी पाहिले जाते, आणि मला तो अन्याय वाटतो.

तेर धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाचे प्रवासाचे टिपण लिहिले. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख येतो: पैठण आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. तगरहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, आडरानातून भडोचच्या बंदराकडे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. हे तगर नेमके कोणते यावर बराच काळ वाद चालला. दौलताबाद, जुन्नर अशी नावे पुढे आली होती. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच हे मांडले आणि ते मान्य झाले. पुढे १९५८ मध्ये इथे उत्खनन झाले आणि बी. एन. चापेकरांचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला.

पण सरकारी कुदळ लागायच्या कितीतरी आधी तेरच्या एका गावकऱ्याने हे ओळखले होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी, पायाच्या खोदकामात जे जे निघेल ते आयुष्यभर गोळा केले. मणी, नाणी, खापरं, मूर्ती, शिक्के, दिवे, खेळणी, काही म्हणून सोडले नाही. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो साठा आज तेरच्या शासकीय संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. तेरबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातले खूपसे या एका माणसाच्या चिकाटीमुळे उरले.

या संग्रहालयात सगळ्यांचे पाय अडतात ते हस्तिदंती पुतळीपाशी. तशीच एक पुतळी इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. साहजिकच लोकांना तिचे अप्रूप वाटते. मला मात्र तिच्या आसपासच्या पांढऱ्या मातीच्या लहान मूर्ती जास्त मोलाच्या वाटतात. हस्तिदंत हे मुळातच किमती द्रव्य आहे. माती फुकटची. फुकटच्या द्रव्यातून एवढे नाजूक काम काढणे ही मोठी कारागिरी.

या मूर्ती केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या आहेत. तेरबरोबरच पैठण, नेवासे, कोल्हापूर आणि तेलंगणातल्या कोंडापूरला अशा मूर्ती निघाल्या आहेत. बहुतेक स्त्रीमूर्ती. केसांची रचना इतकी बारीक की अंबाडा कुठून वळवला, वेणीवर दागिना कुठे खोचला हे मोजता यावे. कानातली जड कुंडले, गळ्यातले पदर, कमरपट्ट्याचे मणी. मूर्ती तळहातावर मावेल एवढीच. एखादी मूर्ती कडेने पाहिली की खांद्यापासून पायापर्यंत उतरत गेलेली एक बारीक रेघ दिसते. तो सांधा आहे. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. ओली माती दोन्ही साच्यांत बोटांनी दाबायची, दोन अर्धे भाग पाणचट मातीने एकमेकांना चिकटवायचे आणि सांधा घोटून पुसून टाकायचा. मूर्ती आतून पोकळ राहते. पोकळ असल्यामुळे ती सगळीकडून सारखी वाळते, आव्यात फुटत नाही आणि मातीही कमी लागते. साचा एकदा कोरला की त्यातून हव्या तितक्या मूर्ती निघतात. हे बाजारासाठीचे काम आहे, आणि तगर तर बाजारपेठच होती. काही अभ्यासकांना या दुहेरी साच्यात रोमन कारागिरीची ओळख दिसते.

केओलिन पांढरी असते, कारण तिच्यात लोखंड जवळजवळ नसते. जी गोष्ट लाल मातीला तांबडे किंवा काळे करते, तीच इथे गैरहजर. म्हणून आव्यात हवा कमी असो की जास्त, केओलिन फारशी रंगत नाही. पण तिचा एक हट्ट आहे. ती पुरी पक्की व्हायला प्रचंड उष्णता लागते. गोवऱ्या, काटक्या आणि भुसा यांवर पेटणारा उघडा आवा सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, फार तर नऊशे. एवढ्या आचेत केओलिन घट्ट होते, पण मऊच राहते. याच मातीत योग्य दगडाची पूड मिसळून बाराशे-तेराशे अंशांवर भाजली असती तर चिनी मातीची, म्हणजे पोर्सेलिनची, भांडी झाली असती. तेरच्या कारागिराच्या हातात ती माती होती. ती आच नव्हती.

ती आच चीनमध्ये आणि मग कोरियात होती.

कोरियात गोर्यो घराण्याने ९१८ ते १३९२ पर्यंत राज्य केले. दहाव्या शतकात चीनच्या यूए भट्ट्यांतले हिरव्या झिलईचे तंत्र तिथे पोचले. दक्षिण किनाऱ्यावरचे गांगजिन आणि पश्चिमेकडचे बुआन ही त्याची दोन मोठी केंद्रे झाली. कारणे अगदी साधी होती. चांगली माती जवळ, डोंगरावर पाइनचे लाकूड भरपूर आणि माल राजधानीला न्यायला समुद्र दाराशी. भट्टी डोंगराच्या उतारावर लांबलचक बोगद्यासारखी बांधत. खालच्या टोकाला जाळ लावला की आच उताराने वर चढते, आणि तो उतारच धुराड्याचे काम करतो. अशा भट्टीत बाराशे अंशांच्या वर जाता येते.

भांडे आधी एकदा हलके भाजून घेत. मग त्यावर झिलईचे पाणी चढवत. लाकडाची राख, माती आणि गारेच्या जातीच्या दगडाची पूड यांचे ते मिश्रण. राखेतला चुना आणि क्षार त्या पुडीला वितळायला मदत करतात, आणि मोठ्या आचेवर सगळ्याची मिळून भांड्यावर काच होते. या काचेत लोखंड असते ते फार थोडे, एक ते तीन टक्क्यांच्या आसपास. सगळा हिरवा रंग तेवढ्या लोखंडाचा.

आणि इथे पुन्हा हवा येते. भट्टीत हवा मोकळी खेळली तर तेच लोखंड झिलईला पिवळट, मधाळ तपकिरी करते. हिरवा रंग हवा असेल तर ऐन आचेच्या वेळी हवा तोडावी लागते. भट्टीची तोंडे लिंपायची, इंधन जास्त घालायचे. मग जाळाला प्राणवायू पुरत नाही. तो मिळेल तिथून घ्यायचा म्हणून जाळ झिलईतल्या लोखंडाशी जोडलेला प्राणवायू ओढून घेतो. प्राणवायू कमी झालेले ते लोखंड निळसर हिरवे दिसते. एकाच भट्टीतली भांडी जागा बदलली की रंग बदलत, ते यामुळेच. हवा थोडी लवकर आत शिरली तर महिन्यांची मेहनत पिवळी पडे. अशा फसलेल्या भांड्यांच्या तुकड्यांचे ढीग जुन्या भट्ट्यांच्या आसपास आजही सापडतात.

रंगात जी खोली दिसते तिचे कारण झिलईच्या आत अडकलेले असंख्य सूक्ष्म बुडबुडे. उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि रंग वरच्या थरावर न राहता आतून आल्यासारखा वाटतो. पूर्व आशियात जेड नावाचा हिरवा दगड रत्नासारखा मानतात. कुंभारांना मातीतून तसा दगड घडवायचा होता. ११२३ मध्ये सोंग दरबाराचा चिनी दूत शू जिंग गोर्योच्या राजधानीत, म्हणजे आजच्या केसोंगला, येऊन गेला. त्याने आपल्या वृत्तांतात या भांड्यांच्या रंगाची मुद्दाम नोंद केली, आणि सिंहाच्या आकाराच्या एका धूपपात्राचे कौतुक केले. ज्या देशाने हे तंत्र शिकवले त्याच देशाच्या दूताने दिलेली ही दाद आहे. ११४६ मध्ये वारलेल्या इनजोंग राजाच्या थडग्यात खरबुजाच्या आकाराची एक फुलदाणी निघाली. तिच्यावर नक्षी नाही, चित्र नाही. नुसता घाट आणि रंग. माझ्या मते गोर्यो सेलाडॉनचे शिखर तेच. पुढच्या राजाने, उइजोंगने, ११५७ मध्ये आपल्या बागेतल्या एका मंडपावर सेलाडॉनची कौले घातल्याची नोंद गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे.

पण जग कोरियाच्या सेलाडॉनला ओळखते ते त्यातल्या जडावकामासाठी. त्याला तिथे सांगाम म्हणतात. चीनने कुंभारकामात बहुतेक सगळे आधी केले, हे मात्र कोरियन कुंभारांनी स्वतःचे म्हणून वाढवले.

काम असे चाले. भांडे चाकावरून उतरवून वाळू द्यायचे, पण पुरते नाही. नख रुतेल पण बोट उमटणार नाही एवढी ओल राहिली पाहिजे. मग बारीक लोखंडी कोरणीने नक्षी खोदायची. बगळ्यासारखे दिसणारे क्रौंच पक्षी, ढग, शेवंती, कमळे, पाण्यावर झुकलेली विलोची झाडे, त्याखाली बदके. ज्या रेघा पांढऱ्या हव्यात त्यांत केओलिनच्या जातीची पांढरी माती कुंचल्याने भरायची, थोडी वाळली की वरची जास्तीची माती पात्याने तासून काढायची. मग काळ्या रेघांची पाळी. त्यांत लोखंड जास्त असलेली तांबडी माती भरायची, भाजल्यावर ती काळी होते. पुन्हा तासायचे. मग पहिली भाजणी, त्यावर झिलई, मग मोठी भाजणी. शेवटी पांढरा क्रौंच, त्याचे काळे पाय आणि काळी चोच हिरव्या काचेखाली दिसतात. बोट फिरवले तर उंचसखल काही लागत नाही. ११५९ मध्ये वारलेल्या मुन गोंग-यू नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातला एक जडावाचा वाडगा हा या कामाच्या सुरुवातीच्या नक्की काळाच्या पुराव्यांपैकी एक.

सोलच्या कानसोंग संग्रहालयात ४२ सेंटीमीटर उंचीचा एक घट आहे. खांदे भरदार, खाली निमुळता होत गेलेला. सगळ्या अंगभर क्रौंच आणि ढग. काही क्रौंच वर्तुळांत आहेत, काही वर्तुळांच्या बाहेर. वर्तुळांतले सगळे वर उडत चालले आहेत, बाहेरचे सगळे खाली उतरत आहेत. एवढ्या एका युक्तीने स्थिर घट हलता झाला आहे. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, १९३५ मध्ये, जॉन ह्योंग-पिल नावाच्या तरुण धनिकाने हा घट एका जपानी व्यापाऱ्याकडून २०,००० वॉनला विकत घेतला. त्या काळी सोलमध्ये त्या पैशात कितीतरी चांगली घरे आली असती. आज तो घट कोरियाची राष्ट्रीय ठेव आहे.

कारागिराची माया कधी कधी अगदी लहान जागी दिसते. कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाळीदार झाकणाचे एक सेलाडॉन धूपपात्र आहे. ते तीन सशांच्या पाठीवर उभे आहे. सशांचे डोळे म्हणजे लोखंडाच्या रंगाचे काळे ठिपके, प्रत्येकाला दोन, बस. आणि उत्तम सेलाडॉन उलटून पाहिले तर तळाशी तीळभर आकाराचे तीन-चार पांढरे डाग दिसतात. भट्टीत झिलई वितळून भांडे खाली चिकटू नये म्हणून गारेच्या इवल्या खड्यांवर ते उभे केलेले असे. तळालासुद्धा झिलई हवी, या हट्टापायी केलेली ही खटपट.

कोरियन कुंभारांना जडावाची कल्पना कुठून सुचली? त्यांच्याकडे काशाच्या भांड्यांवर चांदीची तार ठोकून नक्षी करण्याची कला होती, आणि लाखेच्या पेट्यांवर शिंपल्याचे तुकडे बसवण्याची. धातूतली आणि लाकडातली ही रीत त्यांनी मातीत आणली. हे वाचताना धाराशिवच्या माणसाला बीदर आठवल्यावाचून राहणार नाही. उमरग्याच्या पूर्वेला, आजही मराठी बोलली जाणाऱ्या त्या शहरात, बिदरीचे काम चालते. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओतायचे, छिन्नीने नक्षी कोरायची, कोरलेल्या जागी चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून वरून चोळायची. जस्त काळे कुळकुळीत होते, चांदी पांढरीच राहते. आणि त्याच किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले जडवलेले आहेत. म्हणजे कोरियन कुंभारापुढे जडावाचे जे दोन नमुने होते, ते दोन्ही दख्खननेही केले होते, आणि झिलईही दख्खनला अनोळखी नव्हती. बीदरला १४७२ मध्ये बांधलेल्या महमूद गवानाच्या मदरशावर रंगीत झिलईच्या फरशा आहेत, निम्म्याअधिक झडल्या असल्या तरी. तरीही इथल्या कुंभाराने भांड्यावर झिलई चढवली नाही, की मातीत माती जडवली नाही.

याला मागासलेपण म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. इथल्या कुंभाराला काय हवे होते ते आधी पाहिले पाहिजे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते, कारण माठ झिरपतो. अंगावर आलेला ओलावा वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. माठाला झिलई चढवा, पाणी कोमट होईल. तुळजापूरच्या भवानीचे नवरात्र बसले की जिल्ह्यातल्या घराघरांत घट बसतो. शेतातल्या मातीवर धान्य पेरतात, त्यावर पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात, आणि घटातून पाझरलेल्या ओलीवर नऊ दिवसांत धान्य वर येते. झिलईचा घट इथे कुचकामी. संक्रांतीची सुगडी, दिवाळीच्या पणत्या, लग्नातली बोळकी, सगळे वर्षाला नवे लागते, आणि ते कुणालाही परवडेल एवढे स्वस्त असावे लागते. शिवाय लाकूड. बाराशे अंशांची भट्टी दिवसरात्र लाकूड खाते. धाराशिवचा मुलूख अवर्षणाचा. इथे पाइनची राने कुठून आणायची? गोवरी आणि काडीकचऱ्यावर जेवढी आच मिळते तेवढीत उत्तम काय करता येईल, हा इथल्या कुंभाराचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याने चोख दिले. मातीतली छिद्रे बंद करणे ही कोरियाची कला. ती उघडी ठेवून कामाला लावणे ही आपली.

तेरच्या जुन्या विटांतही हेच दिसते. त्रिविक्रमाचे देऊळ मुळात विटांचे चैत्यगृह. मागून अर्धगोल, घोड्याच्या नालासारखे. अशी फार थोडी बांधकामे देशात उभी राहिली आहेत. उत्तरेश्वराच्या देवळाचे बांधकामही विटांचेच. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असे तेरमध्ये सांगतात. मातीत भाताचे तूस मिसळले की आव्यात ते जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. वीट हलकी होण्याचे हे उघड कारण.

आणि तेर म्हटले की गोरोबाकाका आलेच. संत गोरा कुंभार याच गावचे, समाधीही इथेच. ज्ञानदेव, नामदेव आणि इतर संत त्यांच्याकडे जमले असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशाला? मडके कच्चे की पक्के ते पाहायला, असे उत्तर आले. मग मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. नामदेव कळवळले, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा झाला. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, अशी परंपरा. कथेतला परमार्थ आपण जाणतो. तिच्यातले कुंभारकामही खरे आहे. पक्के भाजलेले, न तडकलेले मडके टिचकीला खणखणीत बोलते. कच्चे किंवा आत चीर गेलेले बद्द वाजते. बाजारात माठ घेताना आपण आजही हेच करतो. सेलाडॉन सर्वांत स्वच्छ बोलते, कारण मोठ्या आचेत त्याची माती जवळजवळ दगड झालेली असते.

परंपरेने गोरोबाकाकांचा काळ १२६७ ते १३१७ असा सांगतात. ते तेरला मडकी थापत होते त्या वर्षांत गोर्यो मंगोलांच्या टाचेखाली होते. १२३१ पासून तीसेक वर्षे स्वाऱ्या चालल्या आणि देश पिळून निघाला. भट्ट्या बंद पडल्या नाहीत, पण हात उतरला. रंग मळकट झाला, क्रौंच कोरण्याऐवजी ठशाने उठवले जाऊ लागले. चौदाव्या शतकाच्या शेवटी गोर्यो घराणे गेले आणि नव्या राज्याची आवड पांढऱ्या पोर्सेलिनकडे वळली. हिरव्या झिलईचे जुने कसब मागे पडले. विसाव्या शतकात कोरियन कुंभारांनी जुन्या भट्ट्यांजवळचे तुकडे अभ्यासून ते पुन्हा हस्तगत केले.

भारताच्या श्रीमंत घरांत पोचली ती मुख्यतः चिनी सेलाडॉनची ताटे. त्यांत विषारी अन्न वाढले तर ताट तडकते किंवा रंग बदलते, असा समज मुसलमानी दरबारांत पक्का होता. त्याला आधार काही नाही, पण त्यामुळे ताटे जपली गेली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ती पाहायला मिळतात. धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबादच्याच निजामाच्या राज्यात होते.

कोरियाच्या सेलाडॉनची शेवटची हकीकत तेरसाठी फार महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसोंगच्या आसपासची गोर्यो काळातली थडगी मोठ्या प्रमाणावर फोडली गेली आणि त्यांतले सेलाडॉन जपानी व पाश्चात्य संग्राहकांकडे गेले. भांडी वाचली, पण कुठले भांडे कोणाच्या थडग्यातले, त्याच्याबरोबर आणखी काय होते, हे कायमचे गेले. इनजोंगची फुलदाणी किंवा मुन गोंग-यूचा वाडगा आज इतका मोलाचा ठरतो तो त्याची जागा ठाऊक असल्यामुळे. याउलट २००७ मध्ये कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेआनजवळ एका कोळ्याच्या हाती एक लहान अष्टपाद आला, त्याने सेलाडॉनची बशी धरून ठेवली होती. कोळ्याने ती विकली नाही, सरकारला कळवले. पाणबुड्यांनी तळ शोधला तेव्हा बुडालेले एक जहाज आणि वीस हजारांहून जास्त सेलाडॉन भांडी निघाली. रचलेली भांडी एकमेकांवर तशीच होती, आणि त्यांत लाकडी चिठ्ठ्या होत्या. माल गांगजिनहून निघाला आणि राजधानीला चालला होता, हे त्या चिठ्ठ्यांवरून कळले. एका माणसाने कळवले म्हणून.

तेरची पांढर अजून पुरती खोदलेली नाही. तिथे आणि जिल्ह्यातल्या अनेक जुन्या गावठाणांवर नांगराच्या फाळाला, पाइपलाइनच्या चराला, घराच्या पायाला काही ना काही लागतच असते. लामतुऱ्यांच्या काळी गोळा करणे हेच मोठे काम होते. आता जागा सांगणे त्याहून मोठे आहे. तेव्हा धाराशिवकरांना विनंती अशी, की खापर, मणी, मूर्ती, काहीही निघाले तर ते उचलून घरी नेऊ नका आणि विकूही नका. आहे तिथे फोटो काढा, गट नंबर आणि खोली लिहून घ्या, आणि तेरच्या संग्रहालयाला किंवा तहसील कचेरीला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे शोधणाऱ्यावर बंधनकारकच आहे.